बायकोचा बोर्ड निवडण्याची माझी पद्धत

शनिवार, १० नोव्हेंबर २००७

ऑफिसातल्या लीडरशिप ट्रेनिंगच्या बाईंनी आम्हा सगळ्यांना डायरी लिहायला सांगितलंय. 'स्वतःच्या भावनांशी बोला' म्हणाल्या. माझ्या भावना मुळात मितभाषी आहेत, पण डिरेक्टर व्हायचं असेल तर त्यांच्याशी बोलावं लागेल असं दिसतंय. मराठीत लिहितो. वही बाईंच्या हाती लागली तरी अब्रू शाबूत.

तर आजची भावना : शैलजाला नोकरी लागली.

सात वर्षं ही इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, माझी डिपेंडंट म्हणून राहिली. व्हिसावर शिक्का होता, काम करायचं नाही. जुलैत सरकारला काय झटका आला कोण जाणे, सगळ्यांचे ग्रीन कार्डाचे अर्ज एकदम घेतले आणि गेल्या महिन्यात तिचं वर्क परमिट घरी आलं. मी त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सची माहिती प्रिंट करून फ्रिजवर लावली. विक्रमच्या बायकोने तोच कोर्स केला आणि आता ती मोठ्या बँकेत आहे. (विक्रम माझ्याच टीममध्ये आहे आणि दर सोमवारी ही बातमी नव्याने सांगतो.)

आज जेवताना शैलजा म्हणाली, "मला जॉब मिळाला."

"कोर्स न करता?"

"हो. स्की हिलवर. रेंटल शॉपमध्ये. बूट आणि स्नोबोर्ड द्यायचे."

एमएस्सी फिजिक्स, सांगली, फर्स्ट क्लास. लोकांच्या पायात बूट घालणार. मी शांतपणे विचारलं, "का?" ती म्हणाली, "जाहिरात होती, मी फोन केला." हे 'का'चं उत्तर नाही, पण ती तोवर ताट घेऊन उठली होती.

पुण्याला फोन करून आईला सांगितलं की शैलजा विंटर स्पोर्ट्स इंडस्ट्रीत इक्विपमेंट मॅनेजमेंटला आहे. आईला बरं वाटलं.

रविवार, २ डिसेंबर

हिल सुरू झाली. हिल म्हणजे काय तर एक उंचवटा. हिच्यापुढे पर्वती एव्हरेस्ट आहे. पण मिनेसोटाच्या लोकांना सपाटीचीच इतकी सवय, की जमीन जरा वर आली की तिथे पाळणा लावून तिकीट घेतात.

स्टाफला मोकळ्या वेळात फुकट घसरायला मिळतं. शैलजा घसरली. उजव्या मांडीवर वांग्याएवढं काळंनिळं झालंय. मी आयोडेक्स आणून दिलं आणि पोक्तपणे म्हटलं, "आता कळलं ना?" ती म्हणाली, "हो, वजन पुढच्या पायावर टाकायचं." मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. एरवी दीड खाते.

शनिवार, १५ डिसेंबर

आज शिवांगीला घेऊन बघायला गेलो. शिवांगी, माझी कन्या, वय बारा, मराठी कळतं पण बोलणं कमीपणाचं वाटतं.

शैलजा साध्या उतारावर घसरत असेल असा माझा समज होता. नाही. एका बाजूला 'टेरेन पार्क' नावाचा प्रकार आहे. तिथे बर्फात मुद्दाम अडथळे पुरलेत : लोखंडी कठडे, लांबट पेट्या, उडी मारायला उंचवटे. सुखाने उतरता येत असताना माणसं वाकडी वाट करून त्या कठड्यांवर चढतात, बोर्ड आडवा करून त्यावरून सरकतात आणि पलीकडे पडतात. मग उठून परत वर जातात, परत पडायला. सगळी मंडळी विशीच्या आतली. आणि त्यांच्यात माझी बायको, वय छत्तीस, डोक्यावर दुकानातलं भाड्याचं हेल्मेट.

ती एका पेटीवर चढली, हात पसरले, सरळ सरकत गेली आणि पलीकडे अलगद उतरली. खाली आल्यावर ती सगळी पोरं तिला हातमोज्याने टाळ्या देत होती.

मी म्हटलं, "हिला हे कसं जमतं?"

शिवांगी म्हणाली, "बाबा, शी वॉज स्टेट लेव्हल. द रोप थिंग. मल्लखांब. यू डिडन्ट नो?"

"माहीत होतं," मी म्हटलं.

म्हणजे स्थळाच्या कागदावर 'छंद : व्यायाम' असं होतं. त्यावरून कुणाला दोरीवर उलटं लटकणारी मुलगी डोळ्यांसमोर येईल? आणि पंधरा वर्षांत तिने विषय काढला नाही, हा काही माझा दोष नाही.

घरी येताना गाडीत विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं होतं. महाबळेश्वरला. तू मॅच ऐकत होतास."

शनिवार, २२ डिसेंबर

शैलजाला स्वतःचा बोर्ड हवाय. भाड्याचे बोर्ड हजार लोकांनी झिजवलेले असतात, मान्य. स्वतःच्या पगारातून घेणार म्हणते. तोही मुद्दा मान्य, पण निर्णय अभ्यासपूर्वक व्हायला हवा. म्हणून मी चहा घेऊन तिची रिक्वायरमेंट समजून घ्यायला बसलो.

"कसा बोर्ड पाहिजे?"

"खेळकर."

"म्हणजे?"

"म्हणजे... मऊ. वाकणारा. थोडा आखूड. पार्कमध्ये मी चुकते ना, तेव्हा त्याने मला शिक्षा नाही करायची. आणि दोन्ही टोकं सारखी हवीत, पुढे जाता येतं तसं उलटंही जाता यावं."

"उलटं कशाला जायचं?"

"मजा येते."

'मजा' हा कॉलम एक्सेलमध्ये कसा भरायचा, सांगा. मी तीन संध्याकाळी घालवून चौदा निकषांचं शीट केलं. स्थैर्य, वेग, कडेच्या लोखंडी धारेची पकड, टिकाऊपणा, वॉरंटी, ग्राहकांचे अभिप्राय, सगळं. प्रत्येकाला भारांक दिला. खेळकरपणाला शून्य नाही दिला, दोन टक्के दिले. मी काही अगदीच ऐकत नाही असं नाही.

शीट दाखवलं तर ती म्हणाली, "डार्लीन म्हणते बोर्ड हातात घेऊन वाकवून बघायचा असतो."

डार्लीन तिची बॉस. वय साठीच्या आसपास, पांढरी वेणी, रेंटल शॉप तीच चालवते. शीटमध्ये डार्लीनसाठी कॉलम नाही.

बुधवार, २ जानेवारी २००८

निकाल लागला. पहिल्या क्रमांकाला ९१.४ गुण. लांबी १५४, कडक, डोंगरभर चालणारा, धारा कारखान्यातूनच खास परजलेल्या. ती जेमतेम पाच फूट दोन इंच आहे, पण असावा थोडा वाढत्या अंगाचा. बाराला वाढदिवस आहे. तिला सांगणार नाही. सरप्राइज.

शनिवार, १२ जानेवारी

दिला. शैलजाने कागद फाडला आणि बोर्ड उभा केला. तो तिच्या कपाळापर्यंत आला. तिने दोन्ही टोकं धरून वाकवायचा प्रयत्न केला, तो वाकला नाही. क्वालिटी.

आनंदाने तिला बोलता येईना. शेवटी म्हणाली, "छान आहे. रंग छान आहे."

शिवांगी म्हणाली, "बाबा, डिड यू ईव्हन आस्क हर?" मी समजावलं की विचारलं तर ते सरप्राइज राहत नाही. मग केक कापला. एकूण यशस्वी कार्यक्रम.

रविवार, १३ जानेवारी

गॅरेजमधून खर्र खर्र आवाज येत होता. जाऊन बघतो तर शैलजा कानस घेऊन नव्या बोर्डाची धार घासून बोथट करत होती! नव्या! ज्या धारेला मी पंधरा टक्के भारांक दिला होता त्याच धारेला!

"वेड लागलंय का?"

"पार्कमध्ये धार बोथट लागते, श्रीरंग. नाहीतर ती कठड्याला अडकते. सगळे करतात."

"वॉरंटी जाईल."

"जाऊ दे."

"मी इतका रिसर्च करून आणला, आणि तू पहिल्याच दिवशी तोडफोड करतेस. मला काय वाटेल याचा काही विचार?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कानस खाली ठेवली. एका बाजूचा जेमतेम वीतभर भाग घासून झाला होता. मी कानस उचलून माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवली आणि कुलूप लावलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. समजूतदार आहे, हा तिचा मोठा गुण.

सोमवार, १४ जानेवारी

उद्या संक्रांत. इथल्या मराठी मंडळाच्या आजच्या तिळगूळ समारंभात मंडळातल्या ज्येष्ठ मोरेश्वरकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय शैलजाताई, यंदा वाढदिवसाला काय मिळालं?" ती हसून म्हणाली, "स्नोबोर्ड." अर्ध्या बायका हसल्या, अर्ध्यांना तो स्वयंपाकघरातला काहीतरी प्रकार वाटला. मी पुढे होऊन चौदा निकष समजावून सांगितले. मोरेश्वरकाकांनी मधेच चटणी घ्यायला म्हणून जे प्रस्थान केलं ते केलंच.

रविवार, २० जानेवारी

शैलजाचं डावं मनगट मोडलं.

डार्लीनचा फोन आला तेव्हा मी भांडी लावत होतो. पोहोचलो तर ती फर्स्ट एडच्या खोलीत हात मांडीवर घेऊन बसली होती, पांढरी फटक. पेटीवर असताना धार अडकली आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. ती थांबली नाही.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे, प्लास्टर, सहा आठवडे. गाडीत बसवताना मी म्हटलं, "मी म्हणतच होतो, हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही." ती सीटबेल्ट एका हाताने लावायला बघत होती. तो लागत नव्हता. मी लावून दिला.

हिलवरून निघायच्या आधी डार्लीनने बोर्ड माझ्या हातात दिला. त्याआधी तो तिने उलटा करून धारेवरून बोट फिरवलं होतं. आणि विचारलं होतं, "ओह, फॉर गॉड्स सेक. हा हिला दिला कोणी?"

मी बोर्ड काखेत मारून चालायला लागलो. पार्किंग लांब होतं.

सोमवार, २१ जानेवारी

आज सुट्टी. वेणी घालून देणे हे काम दिसतं त्याहून अवघड आहे. तीन पेडांचं असतं हे मला माहीत नव्हतं. शिवांगीने येऊन सोडवली आणि पुन्हा घातली.

शनिवार, २ फेब्रुवारी

दोन आठवडे मी पोळ्या करतोय. त्या नकाशांसारख्या येतात अशी तक्रार शिवांगीने केली. मी सांगितलं की भूगोलही शिकायला हवा.

डार्लीनने शैलजाला घरून करायला म्हणून बुकिंगचं काम दिलंय, ते करते. आज मी प्रांजळपणे म्हणालो, "बोर्ड चांगलाच होता. रिव्ह्यू बघ हवं तर."

ती म्हणाली, "चांगला आहे. दुसऱ्या कोणासाठी."

"तू सांगायचं होतंस."

"मी खेळकर म्हटलं. तू स्थिर ऐकलंस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. "आणि कानस पण तूच नेलीस, श्रीरंग."

मी गॅरेजमध्ये जाऊन टूलबॉक्स उघडला. कानस होती तिथेच होती. कुलपाची मला काय गरज वाटली होती, आठवेना. घरात कानस चोरणारं कोण आहे?

शनिवार, ९ फेब्रुवारी

बोर्ड विकायला म्हणून हिलवर घेऊन गेलो. शैलजाला सांगितलं, हार्डवेअरच्या दुकानात जातो.

डार्लीन म्हणाली, "विकते मी. सहा फुटी कुणीतरी घेईल. पण त्याच्या जागी कुठला घ्यायचा?"

मी खिशातून सुधारित शीट काढलं. या खेपेला खेळकरपणाला चाळीस टक्के दिले होते. डार्लीनने ते वाचलं, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवलं. म्हणाली, "तुम्ही कधी उभे राहिलाय बोर्डवर?"

"नाही."

"मग तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, हनी." आणि तिने मला बूट दिले. मापाचे. माझ्या पायात घालायला स्वतः खाली वाकली. साठीच्या बाईने आपल्या पायात बूट घातला की माणसाला कसंसंच होतं. आणि मग आठवतं की आपली बायको हे दिवसाला दोनशेदा करते.

नवशिक्यांचा क्लास सकाळी दहाला. माझ्या तुकडीत पाच विद्यार्थी, सरासरी वय सात. माझ्यामुळे बारा झालं. पहिल्या पंधरा मिनिटांत मी नऊ वेळा पडलो. एका मुलीने, समोरचे दात नव्हते, मला सांगितलं, "इट्स ओके, मिस्टर. जस्ट बेंड युअर नीज."

तासाभराने डार्लीनने मला आधी भाड्याचा मऊ बोर्ड दिला आणि मग तोच ९१.४ गुणांचा. मऊ बोर्डवर माझा तोल गेला तर तो थोडा वाकायचा, जणू म्हणायचा, असू दे, परत बघ. माझा बोर्ड काही म्हणाला नाही. मी जरा चुकलो आणि त्याने मला तोंडावर आपटलं. मी परत उभा राहिलो, परत चुकलो, परत आपटलं. प्रत्येक वेळी तो बरोबर होता आणि मी चूक.

बर्फात बसून राहिलो थोडा वेळ. असा कोणीतरी मला ओळखीचा वाटत होता. नाव आठवेना.

रविवार, १० फेब्रुवारी

बसता येत नाही. उभ्याने लिहितोय. शैलजाने विचारलं, हार्डवेअरच्या दुकानात काय झालं? म्हटलं, पाय घसरला. तिने आयोडेक्स काढून दिलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

डिरेक्टरची जागा विक्रमला मिळाली.

मला फीडबॅक असा की मी लोकांचं ऐकून घेत नाही. हे साफ चूक आहे, असं मी त्यांचं वाक्य मध्येच तोडून सांगितलं.

घरी आल्यावर शैलजाला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, बघ. तिने एका हाताने चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी बसली. मी बरंच बोललो. विक्रमबद्दल, कंपनीबद्दल, ट्रेनिंगच्या बाईंबद्दल. ती सगळं ऐकत होती. चहा गार झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा कप तिने ओतलाच नव्हता.

मग मी म्हटलं, "मल्लखांब कसा करायचीस? दोरीचा म्हणजे नक्की काय असतं?"

तिने सांगितलं. पाऊण तास. पायाच्या बोटात दोरी धरून वर जायचं, मांडीला गुंडाळायची, आणि मग हात सोडायचे. हात सोडायचे हेच खरं, म्हणाली, बाकीची सगळी त्याची तयारी. दहावीनंतर वडिलांनी बंद केलं, मोठी झाली म्हणून. ते सांगतानाही तिचा पाय टेबलाखाली दोरी धरल्यासारखा वळत होता. मी मधे फक्त दोन प्रश्न विचारले. एकदा बोलावंसं वाटलं, पण गार चहा पिऊन टाकला.

शनिवार, ८ मार्च

सोमवारी प्लास्टर निघालं. आज बोर्ड घ्यायला गेलो. दुकानात शिरताना मी शैलजाला म्हटलं, "मी नुसता ड्रायव्हर."

तिने भिंतीवरचा एकेक बोर्ड काढला. एक टोक जमिनीवर, दुसरं उजव्या हातात, मधोमध गुडघा टेकवून हळूच दाब. काही वाकायचे, काही नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माझ्या आयुष्यातला हा विक्रम असावा (तो विक्रम नव्हे).

शेवटी तिच्या हातात एक असा बोर्ड आला की माझ्याच्याने राहवेना. मधे खाली टेकलेला आणि दोन्ही टोकं वर, चक्क केळ्यासारखा. बाकी सगळे बोर्ड उलटे, मधे उचललेले. मी म्हटलं, "हा वाकडा आहे. माल डिफेक्टिव्ह दिसतोय."

विक्रेता म्हणाला, तसाच आहे तो, यंदाच निघालेत, कडा वर उचललेल्या असतात म्हणून पेटीवर अडकत नाहीत.

शैलजाने तो जमिनीवर ठेवला, बूट न घालताच वर उभी राहिली आणि डुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे. पाळण्यात बसल्यासारखी. लांबी १४४. तिच्या हनुवटीला लागेल एवढा. वरचं चित्र भयंकर होतं, एक गुलाबी अस्वल डोनट खातंय.

"कसा वाटतो?" तिने विचारलं.

चौदा निकष जिभेच्या टोकाशी आले. मी म्हटलं, "मला काय कळतंय. तुला कसा वाटतो?"

ती इतकी हसली की विक्रेता वळून बघायला लागला. पैसे तिने दिले. बोर्ड गाडीपर्यंत मी नेला, तेवढं तिने करू दिलं.

शनिवार, २९ मार्च

मोसमाचा शेवटचा आठवडा. ऊन पडलंय, बर्फाचा रवा झालाय. डॉक्टरांनी परवानगी दिली, मनगटाला पट्टा बांधून.

शैलजा आधी पार्कमध्ये गेली. त्याच पेटीवर. मी खाली उभा होतो आणि मला भीती वाटत होती, हे लिहून ठेवतो, बाईंनी भावना लिहायला सांगितल्या होत्या म्हणून. ती चढली, बोर्ड आडवा केला, मधेच बोर्ड हलला, ती वाकली, बोर्डही वाकला, आणि दोघं पलीकडे उतरली. अगदी सुबक नाही. शेवटी बसकण मारलीच. बसल्या बसल्याच तिने दोन्ही हात वर केले. शिवांगी ओरडली, "आई! दॅट वॉज सो गुड!" आणि मग, बहुधा चुकून, "एकदम भारी!"

मग शैलजा माझ्यापाशी आली. म्हणाली, "तुझे बूट कुठायत?"

"कसले बूट?"

"डार्लीनने मला नऊ फेब्रुवारीलाच फोन केला होता, श्रीरंग. तू तेव्हा घरी पोहोचलाही नव्हतास."

म्हणजे सात आठवडे हिला माहीत होतं. मी हार्डवेअरच्या दुकानातल्या फरशीचं इतकं सविस्तर वर्णन केलं होतं.

लहान मुलांच्या उतारावर गेलो. लहान असला तरी वरून बघितला की लहान दिसत नाही. दात नसलेली ती मुलगी माझ्या शेजारून भुर्रकन गेली आणि जाताना हात हलवला. शैलजा माझ्या समोर, उताराच्या बाजूला, पाठ खाली करून उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले. मी धरले. डाव्या मनगटाला जपून धरायला गेलो तर म्हणाली, नीट धर. आणि ती मला घेऊन हळूहळू खाली निघाली. ती उलटी, मी सुलटा.

मला तिच्या मागचा सगळा उतार दिसत होता. पोरं, खांब, पाळण्याची रांग. मी ओरडलो, "अगं मागे बघ! मागे कोण आहे बघ!"

"मला माहीत आहे मागे काय आहे ते," ती म्हणाली. "तू माझ्याकडे बघ."

बघितलं. घामाने भिजलेली बट कपाळाला चिकटली होती. नाक लाल झालं होतं. ती मागे न बघता, माझा सगळा भार घेऊन, जराही न चुकता उतरत होती आणि तिला त्यात मजा येत होती.

खाली पोहोचल्यावर मी हात सोडले नाहीत. म्हटलं, "परत जायचं का?"